मालिकेचं गाव बघा, पण बांधावरून!

दिवाळीची सुटी लागली की पुण्या-मुंबईकडच्या गाड्या हमरस्ता सोडून खेड्यांच्या फाट्यांवर वळू लागतात. काच खाली होते आणि आतून प्रश्न येतो, "दादा, राणादाचा वाडा कुठं आहे?" 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ साली सुरू झाली आणि २०२१ च्या जानेवारीत संपली. तिच्यामुळं करवीर तालुक्यातल्या वसगड्याचा वाडा घराघरांत पोचला. मालिका संपली, तरी असा प्रश्न विचारणारे अजून अधूनमधून भेटतात.

हीच गाडी मग आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरते आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीला जाते. तिथं 'रात्रीस खेळ चाले'मधला नाईकांचा वाडा बघायचा, फाटकासमोर फोटो काढायचा. येताना किंवा जाताना वाई, मेणवलीचा घाट आणि नाना फडणविसांचा वाडा होतो. चार दिवसांची सहल झाली. पूर्वी लोक जोतिबा, नरसोबाची वाडी, गणपतीपुळे असा फेरा करायचे. आता त्या फेऱ्यात मालिकेची गावंही आली.

यात हसण्यासारखं काही नाही. ज्या माणसांना रोज रात्री आपण घरात बघतो, त्यांचं अंगण एकदा डोळ्यांनी पाहावं असं वाटणं साहजिक आहे. हे आजचंही नाही. रामानंद सागरांचं 'रामायण' १९८७-८८ साली दूरदर्शनवर लागायचं, तेव्हा गावातला रस्ता ओस पडायचा. ते चित्रित झालं आपल्या सीमेला लागून असलेल्या गुजरातच्या उमरगावात. शंकर नागांनी 'मालगुडी डेज' चित्रित केली ती कर्नाटकातल्या आगुंब्यात. ती १९८६ साली सुरू झाली. आज जवळजवळ चाळीस वर्षं होत आली, तरी आगुंब्याच्या त्या 'दोड्डमने'त, म्हणजे मोठ्या घरात, लोक जातात. त्या घरात आल्यागेल्याला जेवण मिळतं आणि पाहुण्यानं आपल्या मनाला येईल ते द्यावं, अशी रीत आहे. मालगुडीचं स्टेशन म्हणून दाखवलेलं अरसाळू हे शिवमोग्गा जिल्ह्यातलं छोटं स्टेशन. रेल्वेनं त्याची जुनी इमारत दुरुस्त करून २०२० साली तिथं मालगुडीचं संग्रहालय केलं. मालगुडी हे गाव आर. के. नारायण यांच्या लेखणीतलं, नकाशावर कुठंच नाही. पण नसलेल्या गावाच्या नावावर असलेल्या गावांनी कायमची ओळख कमावली.

आपल्याकडच्या गावांनी काय कमावलं, हा खरा सवाल आहे. आम्ही शेतीखात्याची माणसं, आमची नजर आधी बांधाच्या आत जाते. म्हणून या सगळ्याचा जमाखर्च मांडावासा वाटतो.

जमेची बाजू

जमा नाहीच, असं म्हणणं खोटं होईल. वाड्याच्या मालकाला भाडं मिळतं. चार पोरांना हाताला काम मिळतं, कुणी गाडी चालवतं, कुणी सामान उचलतं, कुणी गर्दीत उभं राहतं. चहाचा गाडा, वडापाव, नाष्ट्याची सोय यातून दोन पैसे येतात. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी नाटकवेड्या पोरांना मालिकांमुळं पडद्यावर तोंड दाखवता आलं. आपल्या बोलीला मान मिळाला. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरला चित्रीकरणाचं वावडं असायचं कारणच नाही. मोरेवाडीची चित्रनगरी त्याच परंपरेतली.

पण ही जमा चार घरांत जाते आणि खर्च मात्र सगळ्या गावाच्या नावावर पडतो. तो खर्च कुणी मोजत नाही, कारण तो रोख नसतो.

खर्चाची बाजू

पहिला खर्च रस्त्याचा. पाहुण्यांची गर्दी नेमकी दिवाळीला, आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटतात तीही त्याच सुमारास. पाणंदीत एका वेळी एकच ट्रॅक्टर-ट्रॉली जाते. तिथं आडवी मोटार लावून माणसं वाडा बघायला गेली, की मागं उसाची ट्रॉली तास-दोन तास उभी. तोडलेला ऊस जितका ताटकळतो तितकं त्याचं वजन घटतं आणि उतारा कमी होतो. वजन घटलं की पैसे शेतकऱ्याचे गेले. शिवाय टोळीचा खाडा होतो, तो वेगळाच.

दुसरा खर्च गोठ्याचा. म्हैस अनोळखी माणसाला बुजते. धारेच्या वेळी गोठ्यात चार जण फोटो काढायला घुसले की ती पान्हा चोरते. चित्रीकरणाचा जनरेटर रात्रभर धडधडत असेल आणि फ्लड लाइटचा उजेड गोठ्यावर पडत असेल, तर जनावर नीट रवंथसुद्धा करत नाही. दुधाच्या डेअरीत सकाळी माप कमी भरतं आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे लाळ्या-खुरकुताची साथ. माणसाच्या पायतणाबरोबर आणि गाडीच्या चाकाबरोबर हा रोग एका गावाहून दुसऱ्या गावात जातो. आसपास साथ असेल तेव्हा परक्या माणसाला गोठ्यात घेणं म्हणजे विकतचं दुखणं.

तिसरा खर्च उभ्या पिकाचा आणि जमिनीचा. हा सर्वांत मोठा, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या भागात एका मंडळींनी हरभऱ्याच्या रानात एका गाण्याचं चित्रीकरण केलं. शेतकऱ्याला तोंडी सांगितलं होतं, "कडेनं चालणार, पिकाला धक्का लागणार नाही." प्रत्यक्षात क्रेन आली, रूळ टाकले, दोन टेम्पो रानात उतरले. घाटे भरायच्या ऐन वक्ताला पाच-सहा गुंठे पीक झोपलं. ठरलेली रक्कम संध्याकाळी देतो म्हणाले. संध्याकाळी गाड्या गेल्या, नंतर फोन उचलेना कुणी. शेतकरी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, पंचनामा करा, नुकसानभरपाई मिळंल का बघा." त्याला समजावताना जीव मेटाकुटीला आला. सरकारी मदत असते ती अवकाळी, गारपीट, अतिवृष्टी अशा नैसर्गिक आपत्तीला. पीकविमाही निसर्गानं केलेल्या नुकसानीला. माणसानं पैशाच्या बोलीवर रानात उतरून पीक तुडवलं तर तो दोघांतला व्यवहार. आणि व्यवहाराचा कागद त्याच्याजवळ नव्हता.

पिकाचं नुकसान डोळ्यांना दिसतं तरी. जमिनीचं दिसत नाही. काळ्या रानात वाफसा नसताना जड गाडी गेली, तर चाकाखालची माती दाबून घट्ट होते. तिथं पाणी मुरत नाही, मूळ खाली जात नाही. पुढच्या पिकात चाकोरीची ओळ पिवळी पडते, तेव्हा शेतकरी खत टाकत बसतो. दोष खताचा नसतो, दाबलेल्या मातीचा असतो. ती मोकळी करायला खोल नांगरट करावी लागते, सबसॉयलर लावावा लागतो. त्याचा खर्च त्या दिवसाच्या भाड्यात कुणी धरलेला नसतो.

कागद करा, मगच रान द्या

म्हणून शेतकऱ्यांना सांगणं आहे, चित्रीकरणाला रान द्यायला हरकत नाही, पण आधी कागद करा. त्यात फार कायदा लागत नाही. गट नंबर, किती गुंठे रान, किती दिवस, रोजची वेळ, गाड्या कुठवर येणार, विजेचं आणि पाण्याचं काय, एवढं साध्या मराठीत लिहा. कंपनीचं नाव आणि पत्ता घ्या, नुसता मोबाईल नंबर घेऊन भागत नाही. अर्धी रक्कम आधी घ्या. नुकसानीपोटी वेगळी अनामत घ्या आणि रान तपासल्यावरच ती परत करा. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी रानाचे चार बाजूंनी फोटो काढून ठेवा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तो सेल्फीपुरताच वापरायचा असतो असं नाही.

नुकसानीचा हिशोब कसा करायचा? सोपं आहे. समजा तुमच्या उसाचा उतार एकरी ४० टन आहे. एकराचे गुंठे ४०, म्हणजे गुंठ्याला एक टन. दहा गुंठे ऊस आडवा झाला तर दहा टनांचे पैसे. त्यात पुढच्या खोडव्याचा तोटा धरा, कारण बुडखे चाकाखाली फुटले तर फुटवा येत नाही. त्यात जमीन मोकळी करण्याचा खर्च धरा. भुईमूग असो, हरभरा असो वा भात, मागच्या तीन वर्षांचा सरासरी उतार आणि त्या वेळचा बाजारभाव यावरून हाच हिशोब मांडता येतो. तो आधीच कागदावर असला की नंतर भांडण राहत नाही. जमल्यास पीक निघाल्यावर, मोकळ्या रानातच परवानगी द्या. आणि जमीन ओली असेल तर कितीही पैसे दिले तरी गाडी आत घेऊ नका.

ग्रामसभेचं काम

वाडा एकाचा असतो, पण रस्ता, पाणी, पार, देऊळ, नदीचा घाट हे सगळ्यांचं असतं. म्हणून चित्रीकरणाची परवानगी हा एकट्या मालकाचा किंवा एकट्या सरपंचाचा विषय राहू नये. ग्रामसभेत चर्चा व्हावी आणि ठराव व्हावा. किती दिवस, किती माणसं, कचरा कोण उचलणार, संडासची सोय काय, पिण्याचं पाणी कुठून, रात्री किती वाजता आवाज बंद, हे ठरावात असावं. उन्हाळ्यात गावाच्याच नळाला दिवसाआड पाणी येत असेल, तर शंभर माणसांच्या युनिटनं टँकर बाहेरून आणावा. थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या ओढ्यात गेल्या की त्या पावसाळ्यात वाहत जाऊन कुणाच्या तरी रानातच बसतात.

आरोग्याचाही विचार हवा. २०२० च्या सप्टेंबरात, करोनाच्या काळात, सातारा जिल्ह्यात एका मालिकेच्या चित्रीकरणात अनेकांना लागण झाली आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचं त्यात निधन झालं. बाहेरून मोठा जथा येतो तेव्हा गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आगाऊ खबर असलीच पाहिजे, हा धडा त्यातून घ्यायचा.

जी रक्कम ग्रामपंचायतीला मिळेल तिचा हिशोब फलकावर लागावा. ती पाणंद रस्त्याला लावली तर ज्यांना त्रास झाला त्यांनाच फायदा पोचेल. नाहीतर होतं काय, दोन घरांत पैसे जातात, उरलेलं गाव धुमसत राहतं, आणि एके दिवशी भांडण पेटतं.

मालिका संपल्यावर काय?

गर्दीवर विसंबून टपऱ्या टाकणाऱ्या पोरांनी एक ध्यानात ठेवावं. मालिका हे वळवाचं पाणी आहे. आलं तसं ओसरतं. 'रात्रीस खेळ चाले'चे तीन भाग आले, पहिला २०१६ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये, तिसरा २०२१ मध्ये. प्रत्येक मालिकेला असं पुन्हा पुन्हा येणं लाभत नाही. एक संपली की लोकांना दुसरी आवडते आणि गाड्या दुसऱ्या फाट्यावर वळतात. म्हणून पाणी वाहतंय तोवर बांध घालून अडवलं पाहिजे. पाहुणा वाडा बघायला आला, त्याला शेत दाखवून, जेवू घालून, पिशवी भरून पाठवलं, तर तो पुढच्या वर्षी वाड्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी येईल.

आणि दाखवायला आपल्याकडे काय कमी आहे? दिवाळीनंतर कोल्हापूर भागात गुऱ्हाळं सुरू होतात. रसाला उकळी फुटते, भेंडीच्या चिकानं मळी वर येते, गुळव्या काहिलीतला पाक बोटावर घेऊन बघतो आणि नेमक्या क्षणाला काहिल उतरवायला सांगतो. हे कसब कुठल्या मालिकेत दाखवलंय? शहरातली मुलं अर्धा दिवस तिथून हलणार नाहीत. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही आहे. आंबोलीकडं जाणारी गाडी आजऱ्यातूनच जाते. मग बचत गटाच्या बायकांनी रस्त्याकडेला घनसाळची दोन-दोन किलोची पिशवी, नाव-पत्ता छापून, का विकू नये?

घाट उतरल्यावर सिंधुदुर्ग. १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आकेरीचं रामेश्वराचं मंदिर आहे, सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून उभं आहे. काजूच्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती तिथल्याच. कोकम, आगळ, काजूगर, कुळथाचं पीठ, सगळं वाटेवरचं. 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा कोकण म्हणजे नुसती भुताखेतं असं चित्र उभं केलं जातंय, म्हणून जिल्ह्यातून विरोधाचे सूर निघाले होते. त्याला खरं उत्तर हेच, की भुतं बघायला आलेल्या माणसाला काजूची बाग दाखवायची.

साताऱ्याकडंही तेच. 'लागिरं झालं जी' बघून लोक फौजी अजिंक्यचं चांदवडी शोधत येतात. ते गाव लेखकाच्या मनातलं. पण सातारा जिल्ह्यातच अपशिंगे मिलिटरी हे खरोखरीचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले आणि आजही तिथं घरटी फौजी सापडतो. पोराबाळांना दाखवावं असं ते गाव आहे.

गावानं मनावर घेतलं तर काय होतं, याला पाचगणीजवळचं भिलार साक्षी आहे. स्ट्रॉबेरीचं हे गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीलाच घरांत, देवळात, शाळेत मिळून २५ ठिकाणी पुस्तकं मांडली. तिथं कुठल्या मालिकेचा आधार नव्हता. तरी पाहुणा येतो, वाचतो, राहतो आणि जाताना स्ट्रॉबेरी घेऊन जातो. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्याखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी करता येते. बारामती-माळेगावला तर त्याच्या पंधरा वर्षं आधीपासून कृषी पर्यटनाची वाट पाडली गेली आहे. ज्यांच्याकडे थोडी जागा, स्वच्छ संडास आणि माणसं जोडायची हौस आहे, त्यांनी एकदा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

पाहुण्यांना चार शब्द

आता गाडीतल्या मंडळींना. तुम्ही या, जरूर या. पण तो वाडा सेट नाही, त्यात माणसं राहतात. आत म्हातारी आजारी असेल, पोराचा अभ्यास चालू असेल. हाक मारा, विचारा, नाही म्हणाले तर बाहेरून नमस्कार करून पुढं जा. बांधावरून चाला, सरीतून नको. ऊस मोडून खायचा असेल तर मालकाला मागा. तो एकाला दोन देईल, पण न विचारता मोडलात तर त्याच्या जिवाला लागेल. गोठ्याचं फाटक उघडलंत तर लावून घ्या. पाणंदीत गाडी लावू नका, फाट्यावर लावा आणि पाय मोकळे करा.

मे महिन्यात कोकणात जाणाऱ्यांनी तर एक गोष्ट गाठीशी बांधावी. त्या दिवसांत कातळावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. रस्त्याकडेला फेकलेल्या एका विडी-सिगरेटच्या थोटकानं वणवा लागतो आणि काजू-आंब्याच्या बागा जळतात. काजूचं झाड उभं राहायला वर्षं लागतात, जळायला घटकाभर पुरते. शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या कष्टापुढं तुमच्या फोटोची किंमत ती काय?

मालिका काढणाऱ्यांनाही सांगणं आहे. तुमचा नायक शेतकरी असतो, पण त्याच्या सदऱ्याला कधी चिखल लागत नाही, आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत एकदाही उसाचं बिल थकत नाही. ज्या रानात तुम्ही चित्रीकरण करता, त्याच रानाचं खरं सुखदुःख थोडं दाखवा. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. शेतकऱ्याजवळ पारावर तासभर बसलं तरी पुरे.

येत्या ग्रामसभेत शेतरस्ता, पाणीपट्टी, घरकुल हे विषय असतीलच. त्यातच 'चित्रीकरण आणि पाहुण्यांची वर्दळ' हाही एक विषय घ्या. आज तुमच्या गावात कॅमेरा आला नसेल, उद्या येईल. जुना वाडा, वडाचा पार आणि हिरवं रान जिथं जिथं शिल्लक आहे, तिथं तो येणारच. गाड्यांची रांग लागल्यावर नियम करायला बसलात तर ऐकणार कोण? वेठबिगारासारखं रान तुडवून घ्यायचं की यजमान म्हणून ताठ मानेनं पाहुण्याचं स्वागत करायचं, हे गावानं आधीच ठरवावं. ठराव लिहून काढायला एक कागद आणि अर्धा तास पुरतो.